शकूच्या वेशी

बातमी आली तेव्हा मी जबलपूरच्या ओमती भागात चष्म्याच्या दुकानात बसले होते. काडी निखळली होती, दुकानदार बारीक स्क्रू बसवत होता, एवढ्यात फोन वाजला. चष्मा नसल्यामुळे नाव वाचता येईना. "कोण?" म्हटलं, तर मीनू… माझ्या मैत्रिणीच्या, शकूच्या भावाची मुलगी. बेंगळुरूला नोकरी करते. "मावशी, आत्या नहीं रही," ती म्हणाली. "सुबह चाय पी, कप खाली ठेवला, और बस." मी काही बोलायच्या आत रडत रडतच पुढे म्हणाली, "तुम्ही लवकर घरी जा ना मावशी. पपा को बोलना, कॉम्प्युटर बंद मत करना. आत्याची वेस सेव्ह नाही झाली."

खरं सांगते, आधी मला मीनूचा रागच आला. बाई गेली, अजून अंग गार पडलं नसेल, आणि हिला खेळाची काळजी! पण शकूला मी साठ-पासष्ट वर्षं ओळखत होते, त्यामुळे तो राग रस्ता ओलांडेपर्यंतही टिकला नाही. दुकानदाराला म्हटलं, "भैया, जैसा है वैसा दे दो," आणि एका काडीचा चष्मा नाकावर धरून ऑटोत बसले. ओमतीपासून दीक्षितपुरा कितीसा लांब! एरवी मी पायी जाते. त्या दिवशी मात्र प्रत्येक वळणावर वाटत होतं, आता वसंतदादांनी बटण दाबलं असेल. वसंतदादा म्हणजे शकूचे थोरले भाऊ, मीनूचे वडील. त्यांच्याच घरी शकू राहायची. ती गेली म्हणून रडायचं की तिचं काम वाचेल का म्हणून धडधडायचं, हे मला त्या ऑटोत कळत नव्हतं, आणि मी दोन्ही करत होते.

आता हे काम काय ते सांगायचं तर आधी शकू सांगायला हवी. आमचे दोघींचे वडील वर्ध्याकडून नोकरीसाठी जबलपूरला आलेले. पुढे प्रांतांची वाटणी झाली, नागपूर-वर्धा तिकडे महाराष्ट्रात गेलं आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आम्ही एका वर्गात शिकलो. मी गावातल्याच गढा भागातल्या शाळेत शिक्षिका झाले आणि शकू संरक्षण खात्याच्या एका फॅक्टरीत ट्रेसर म्हणून लागली. ट्रेसर म्हणजे इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि शाईनं रेघ न् रेघ तशीच उतरवायची. शाईचा थेंब सांडला तर अर्ध्या ब्लेडनं खरवडून काढायचा. चौतीस वर्षं शकूनं दुसऱ्यांच्या रेघा उतरवल्या. तिचा हात इतका स्थिर होता की मंगळागौरीच्या रांगोळीला तिला बोलावणं यायचं आणि ती "मी बिनालग्नाची, मला काहून बोलावता?" असं मुद्दाम मोठ्यानं विचारून मग जायची.

ट्रेसरचा एक नियम होता. मूळ नकाशात चूक दिसली तरी ती तशीच उतरवायची. एकदा तिला एका नकाशात एक भोक कमी दिसलं. चार बाजूंना चार हवीत आणि काढली आहेत तीन. ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "सोचना आपका काम नहीं है मैडम. आप ट्रेस कीजिए." शकू म्हणाली, "ठीक है सर. तो मैं साढ़े पाँच के बाद सोचूँगी." साडेपाचला फॅक्टरीची सुट्टी व्हायची. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी हसून हसून वाकले होते, पण ती हसत नव्हती. ती नोकरीत असेपर्यंत साडेपाचनंतर खरंच विचार करायला तिच्याजवळ काही नव्हतं. आई अंथरुणावर, घरातली कामं, मीनूचा अभ्यास… ते साडेपाच निवृत्तीनंतर वाजले.

मीनू बेंगळुरूला गेली तेव्हा तिचा कॉलेजातला कॉम्प्युटर बैठकीच्या कोपऱ्यात तसाच राहिला, कारण घरात इन्व्हर्टरचा प्लग तेवढ्याच कोपऱ्यात होता. त्यात एक लढाईचा खेळ होता. लाकूड तोडायचं, दगड आणायचे, गाव वसवायचं, फौज उभी करायची आणि दुसऱ्याचा किल्ला पाडायचा. सुट्टीत आलेल्या मीनूनं आत्याला तो दाखवला. शकूनं अर्धा तास पाहिला आणि म्हणाली, "हे मला नाही जमत. बांधते कोण आणि तोडते कोण!" मग मीनूनं तिला त्याच खेळातली दुसरी खोली उघडून दाखवली. तिला म्हणतात मॅप एडिटर. तिथे लढाई नसते. नुसती हिरवी जमीन असते, चौकोनाचौकोनांची, आणि बाजूला सामानाची यादी… भिंती, बुरूज, झाडं, पडके खांब, निशाणं, दगड. हवं ते उचलायचं आणि हवं तिथे ठेवायचं. शकूनं खुर्ची पुढे ओढली. मीनू म्हणते, "आत्या ने उसके बाद मुझे चेअर वापस ही नहीं दी."

त्या यादीत किल्ल्याचा तयार दरवाजाही असतो. ठेवला की झालं. आपले सैनिक आले की उघडतो, परके आले की बंद. शकूला तो दरवाजा आवडला नाही. "आपल्या फॅक्टरीच्या गेटासारखा आहे मेला," म्हणाली. रोज सकाळी पास दाखवून त्या लोखंडी गेटातून आत जायचं आणि भोंगा होईपर्यंत बाहेर यायचं नाही, हे तिनं चौतीस वर्षं केलं होतं. मग ती स्वतःचे दरवाजे बांधायला लागली. भिंतीचे तुकडे एकमेकांत खुपसून कमान करायची, पडक्या खांबांना उभं करून देवड्या, निशाणं अर्धी दगडात गाडून नक्षी. जे सामान ज्या कामासाठी दिलं आहे त्या कामाला ती कधी वापरत नसे. एक दरवाजा उभा राहायला तीन-चार आठवडे लागायचे. आधी आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून आराखडा, मग पडद्यावर काम. त्यांना ती वेस म्हणायची. मी एकदा मास्तरीणपणा केला, "अगं, गावाला वेस असते, किल्ल्याला दरवाजा असतो." तर म्हणाली, "असेल. माझ्या किल्ल्याला वेसच आहे." आणि आत किल्ला नसायचाच. नुसती वेस, मागे रिकामं गवत. मी विचारलं, "आत काही बांधत काहून नाहीस?" ती म्हणाली, "आत गेलेल्याला दार कुठं दिसते, कुसुम? बाहेर थांबवलेल्यालाच दिसते."

दर गुरुवारी दुपारी मी तिच्याकडे जायची. हिवाळ्यात मटार घेऊन जायची, कारण आमच्या जबलपूरला हिवाळ्यात मटार सोलायला कोणी ना कोणी लागतंच. ती पडद्यापुढे आणि मी वेताच्या खुर्चीत शेंगा सोलत. ती म्हणायची, "ये, तुला शिकवते. सोपं आहे." मी म्हणायची, "नको बाई, सत्तरी आली माझी, मला नातवंडांनी हसावं का?" हे वाक्य मी तिला किती वेळा ऐकवलं असेल! ती पुन्हा पडद्याकडे वळायची. तिची सत्तरी माझ्याआधी चार महिने आली होती. बारा वर्षं मी तिच्या पाठीमागे बसले आणि शेंगांकडे पाहत राहिले. याचं मला आज वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं म्हणून उगाच गोड शब्दांत सांगणार नाही. मी तिच्या कामाला खेळ समजत होते. सगळेच समजत होते. आमच्या मराठी मंडळाच्या तिळगुळाला एका बाईंनी चारचौघांत विचारलं, "शकूताई, आजकल व्हिडिओ गेम खेळता म्हणे?" आणि बायका खुदखुदल्या. शकूनं हातातला लाडू शांतपणे खाल्ला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "खेळत नाही हो. बांधून राहिली. खेळणारे मग येऊन तोडतात, ते वेगळे." मी तिच्या शेजारी बसले होते. मी काय केलं? विषय बदलला.

मीनू तिच्या वेशी इंटरनेटवर ठेवायची. जगात असे नकाशे रचणारे पुष्कळ लोक आहेत म्हणे, आणि ते एकमेकांचे नकाशे घेतात. शकूच्या वेशी कुठे कुठे गेल्या याची तिला फारशी फिकीर नव्हती. एकदा मात्र दूर देशातल्या कुणा माणसानं तिची एक वेस "सुधारून" परत पाठवली. तिनं उजवा बुरूज डाव्यापेक्षा एक चौकोन मागे बांधला होता, त्यानं तो ओढून डाव्याच्या रांगेत आणला होता आणि त्यासाठी मधलं एक झाड काढून टाकलं होतं. शकूचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. मीनूला फोन लावून म्हणाली, "लिही त्याला. झाड आधीचं आहे, बुरूज नंतरचा. झाड तोडायचं नव्हतं म्हणून गवंड्यानं बुरूज मागे घेतला." मीनू म्हणाली, "आत्या, कोण गवंडी? कोई था ही नहीं." शकू म्हणाली, "मी आहे ना!" त्या माणसानं झाड परत लावून माफी मागितली. त्या दिवशी तिनं आम्हाला तिच्या हातचा शिरा खाऊ घातला.

आता सेव्ह करण्याची गोष्ट. तिथे शकूचं सगळ्यांशी भांडण होतं. कॉम्प्युटरवरचं काम मधूनमधून जपून ठेवावं लागतं, नाहीतर यंत्र बंद पडलं की गेलं. पण ठेवताना यंत्र नाव विचारतं. आणि शकू अर्ध्या वेशीला नाव द्यायला तयार नसे. "पोटात आहे तोवर बारसं करते का कोणी?" वेस पुरी झाली की मगच नाव, मगच सेव्ह. तोवर कॉम्प्युटर महिना-महिना चालूच राहायचा, पडद्यावर अर्धी वेस, त्या खेळाचे नगारे हळू आवाजात वाजत असायचे. इन्व्हर्टर होता म्हणून वीज गेली तरी निभायचं. मीनू कळवळून सांगायची, "आत्या, कुछ भी नाम दे दो, एबीसी लिख दो!" आत्या म्हणायची, "तुझं नाव एबीसी ठेवलं होतं का आम्ही?" हा हट्ट चुकीचाच होता. पण माझ्या आईनंही बाळ यायच्या आधी कुंची शिवू दिली नव्हती, त्यामुळे मला तो कळायचा.

तर ऑटो दीक्षितपुऱ्यात शिरला तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात होतं. गल्लीच्या तोंडाशी उतरले. घरासमोर चपला दिसल्या. आत बैठकीत शकूला खाली चटईवर ठेवलं होतं, हळदीच्या रंगाची साडी, कपाळ मोकळं. आणि तिच्या डोक्यामागच्या कोपऱ्यात पडदा चालू होता. पडद्यावर वेस होती. अशी वेस मी पाहिली नव्हती, किंवा असं म्हणा की मी कधी पाहिलंच नव्हतं. तीन कमानी एकात एक, बाहेरच्या कमानीवर वेल, आणि मधल्या कमानीचा माथा अजून उघडा. नगारे हळूहळू वाजत होते. गल्लीतल्या सात-आठ बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि शकूकडे कमी, पडद्याकडे जास्त पाहत होत्या.

मी शकूच्या पायाशी बसले. फोन पुन्हा थरथरला. मीनूच. "मावशी, पोचलात? माउस पकडा. ऊपर बाएँ कोने में…" मी मान वर केली. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. घरात मयत झाली की टीव्ही-रेडिओ बंद होतो, चूल थंड होते, ही आमची रीत. त्या मयताला ओलांडून खुर्चीत बसायचं आणि खेळाला हात लावायचा? मी फोनमध्ये पुटपुटले, "थांब जरा, मीनू. आता नको. लोक बसले आहेत." ती म्हणाली, "मावशी, प्लीज. दोन मिनिटं." मी म्हटलं, "बायका गेल्या की करते."

तेवढ्यात आतून वसंतदादा आले. डोळे सुजलेले, हातात उदबत्ती. माणूस वाईट नाही, हे मी इथे लिहूनच ठेवते. बहिणीला त्यांनी जन्मभर सांभाळलं, आणि तिनंही त्यांना. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं आणि शरमले. "हे अजून चालूच आहे का? घरात बरं नाही दिसत," म्हणाले आणि वाकून भिंतीतलं बटण बंद केलं. नगारे थांबले. पडदा काळा झाला. मी तिथेच होते, दोन हातांवर. "दादा, थांबा," एवढं म्हणायला किती श्वास लागतो? तेवढाही मी घेतला नाही. मला लाज वाटली. शकूच्या कामाची नव्हे, त्या आठ बायकांची. फोनवर मीनूनं विचारलं, "झालं का मावशी?" आणि मी म्हटलं, "हो गं, झालं."

हे खोटं मी तेरा दिवस वागवलं. चौदाव्या दिवशी मीनूला खरं सांगितलं. ती आली होती, सुतकात कॉम्प्युटरला कोणी हात लावला नव्हता, आणि आता ती परत निघायची होती. तिनं बॅगेची चेन ओढून लावली. मग म्हणाली, "मावशी, तुम्हाला माहीत आहे, वो आख़िरी वाली सबसे अच्छी थी." मला माहीत होतं. वसंतदादांनी त्याच दिवशी विचारलं, "कुसुम, शकूची आठवण म्हणून काय नेतेस? तिची नारायणपेठ आहे, चांदीचा करंडा आहे." मी म्हटलं, "कॉम्प्युटर." ते म्हणाले, "अगं, तो तर भंगारवाल्याला सांगितला आहे. तू काय करून राहिली त्या डब्याचं?" मी म्हटलं, "दादा, भंगारवाल्याला मी सांगते काय सांगायचं ते." आयुष्यात पहिल्यांदा मी वसंतदादांना उलट बोलले. ते चमकले आणि मग त्यांनी स्वतः वायरी गुंडाळून दिल्या.

टेबलाच्या खणात पुठ्ठ्याची नळी सापडली. तीत आलेखाचे बारा कागद, शाईनं काढलेले, चौकोन मोजलेले, रेघ कुठे थरथरलेली नाही. एक त्या दिवशी गेलेल्या वेशीचा होता. बाकीच्या अकरा वेशी तिनं अजून बांधायलाच घेतल्या नव्हत्या. डोक्याइतका हात वेगानं चालत नाही म्हणून ती पुढचे आराखडे काढून ठेवत होती, आणि मी गुरुवारी तिच्यामागे बसून मटार सोलत होते.

ती गेलेली वेस मी बांधायला घेतली. ज्यांना हसायचं असेल त्यांनी हसून घ्यावं, मी थांबते. त्र्याहत्तर वर्षांची बाई, माउस धरला की बाण पडद्याबाहेर पळतो, बुरूज ठेवायला जावं तर तळं होतं. पहिल्या आठवड्यात माझ्या हातून एकच भिंत झाली आणि तीही वाकडी. मीनू रोज संध्याकाळी फोनवर शिकवते, अर्धं हिंदीत, अर्धं तिच्या मोडक्या मराठीत, आणि माझ्यामुळे तिची मराठी सुधारून राहिली असं तिचं म्हणणं आहे. मी दर दहा मिनिटांनी सेव्ह करते. अर्ध्या वेशीला नाव देते. शकूशी याबाबतीत माझं पटणार नाही आणि ती असती तर आम्ही भांडलो असतो. बाहेरच्या कमानीवरचा वेल मला तिच्यासारखा जमला नाही. बाकी कागदाप्रमाणे आहे. आणि मंडळाच्या त्या बाई परवा घरी आल्या, पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "कुसुमताई, आप भी?" तर मी विषय बदलला नाही. त्यांना खुर्ची दिली, तीन कमानी दाखवल्या, देवड्या दाखवल्या, कोणता खांब कशाचा केला ते सांगितलं, आणि ही शकुंतलेची वेस आहे हे दोनदा सांगितलं. त्या पाऊण तास बसल्या. चहा गार झाला त्यांचा.

शकूला जाऊन परवा अडीच महिने झाले. त्याच दिवशी ती वेस पुरी झाली. वसंतदादा पाहायला आले होते. पडद्यापुढे उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "अच्छा… म्हणजे ही पुरी व्हायची होती." खुर्चीत बसल्यावर मला म्हणाले, "झालं ना आता? तब्येतीला जप, कुसुम. आपल्या वयाचा काय भरवसा, आज आहोत, उद्या नाही." मी नळीतले कागद काढून त्यांच्यासमोर पसरले. म्हटलं, "दादा, अजून अकरा वेशी बाकी आहेत. एकीला मला दोन महिने लागतात. तुम्हीच हिशोब करा. मला मरायला अजून दोन वर्षं तरी सवड नाही."